बाद चिठ्ठ्यांवरची नावं

मनू, हे वाचायला घेशील तेव्हा आधी तो फोन पालथा ठेव. आणि जरा जवळ सरक. लांबून नुसतं "हं आजी, हो आजी" मला चालायचं नाही. कागद तुझ्या हातात असला की मी तुझ्या शेजारीच बसलेय असं समज, आणि मधेच चहा टाकायला उठू नकोस. चहा आधीच करून घे.

परवा मी तुला फोनवर फार टाकून बोलले. तू म्हणालीस, "आजी, रांग केवढी होती गं, आणि ऊन! आम्ही परत फिरलो. सुट्टीच होती, मग सगळे घोलवडला समुद्रावर गेलो." डहाणू ओलांडून घोलवडला गेलीस आणि आजीकडे डोकावली नाहीस, त्याचा राग वेगळा, तो तू आलीस की काढीन. पण मत न देता गेलीस म्हणून मी बोलले, "दोन-दोन पदव्या घेतल्यास त्या रांगेतून पळून जायला का?" मी फोन ठेवला. आणि मग माझंच मला कसंतरी व्हायला लागलं. रांगेचं आणि उन्हाचं मी कुणाला सुनवावं? मी? चौदा बाया डोळ्यांसमोर आल्या. वैशाखातलं ऊन, अनवाणी पाय, आणि प्रत्येकीच्या अंबाड्यात खोचलेला शिसपेन्सिलीचा अर्धा तुकडा. ते तुकडे मी केले होते. चाकूने टोकही मीच काढून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याची पेटी उघडली. तुझ्या आजोबांचे कागद असतात ना, ती. तळाशी ती वही होती, मला ठाऊक होतं. साठ वर्षं मी ती टाकलेली नाही आणि उघडलेलीही नाही. पुठ्ठ्याला वाळवीने एका कोपऱ्यात जाळी केलीय. वास मात्र तसाच, रॉकेलचा, ओल्या भिंतीचा आणि आत कुठेतरी वाळक्या गवताचा. पान उलटायला गेले तर बोटात काहीतरी टोचलं. शिवणीत कुसळ अडकलं होतं. साठ वर्षांचं कुसळ, आणि टोक अजून जिवंत.

आता सगळं सांगते. तुझ्या आईलाही मी हे सांगितलेलं नाही.

तुला ठाऊक आहे, मी चौथीपर्यंतच शाळेत गेले. माझे वडील, तुझे पणजोबा, डहाणू रोड स्टेशनात पार्सलच्या खोलीत होते. आमची रेल्वेची खोली रुळांना इतकी लागून की मालगाडी गेली की फळीवरची भांडी एकमेकांशी बोलायची. चौथी झाली आणि आई म्हणाली, "पुरे. पाठच्या दोघांना कोण सांभाळणार?" मी पाठच्यांना सांभाळत पार्सलच्या खोलीत जाऊन बसायची. तिथे चिकूच्या करंड्या थप्पीने रचलेल्या असायच्या. काय वास यायचा मनू! पिकलेला चिकू, ओलं गोणपाट आणि इंजिनाचा धूर. प्रत्येक करंडीवर पत्ता. एक मराठीत, एक गुजरातीत, एखादा इंग्रजीत. मी बोट फिरवत फिरवत वाचायची. गुजराती तर अशीच आली, कुणी शिकवली नाही. तिच्या अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. माझंही अक्षर तसंच झालं. मराठी लिहायची पण वरची रेघ द्यायला विसरायची. वडील हसायचे, "तुझी अक्षरं उघड्या डोक्याची गं!"

त्याच यार्डात थंडीत गवत यायचं. बैलगाड्या, मग मोटार-खटारे, आणि त्यांतून दाबून बांधलेल्या गासड्या. मुंबईच्या तबेल्यांकडे जाणारं गवत. आम्ही पोरं त्या गासड्यांवर उड्या मारायचो. तो गोड, उन्हाचा वास नाकात भरून घ्यायचो. हे गवत कापतं कोण, हा प्रश्न मला कधी पडला नाही. ते मालगाडीसारखं आपोआप यायचं.

लग्न झालं आणि ते कोण कापतं ते पाहिलं.

तुझे आजोबा गंजाडपासून पुष्कळ आत एका पाड्यावर मास्तर होते. एकाच शिक्षकाची शाळा. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, आणि शाळेला चिकटून आमची एक खोली. पडवीत उभं राहिलं की महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका दिसायचा. मी स्टेशनावर वाढलेली. पहिला महिनाभर मला त्या शांततेनं झोप लागायची नाही. मग हळूहळू आवाज ऐकू यायला लागले. उखळातली नागली, दूरवर कुऱ्हाड, आणि पावसाळा सरला की सगळ्या माळांवरून विळ्यांची सरसर. कमरेएवढ्या गवतात बाया ओळीनं वाकलेल्या, आणि त्यांच्यामागे मुकादम. गवताची वखार खालच्या पाड्याला, रस्त्याच्या तोंडाशी. वर्षातले तीन-चार महिने पाड्याच्या चुली त्या वखारीवर पेटायच्या.

हे रोज म्हणायचे, "पोरं शिकतात, पण घरी जाऊन पाटी दाखवायची कुणाला? आया अंगठेवाल्या." मी म्हटलं, "मी शिकवू का बायांना?" ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "शिकव. पाट्या शाळेच्या घे."

असा तो वर्ग सुरू झाला. गवताचा हंगाम सरला की, उन्हं कलताना. पहिल्या दिवशी तिघी आल्या. त्यांतली दोघी पाणी मागायला आलेल्या, त्यांना मीच बसवून घेतलं. तिसरी चैती.

चैती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. महालक्ष्मीच्या चैत्रातल्या जत्रेत जन्मलेली, म्हणून चैती. काळीसावळी, उंच, बोलायला लागली की हात कमरेवर. आल्या आल्या पाटी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "मास्तरणीबाय, यात माझा नाव किती दिवसात मावेल?"

"चैती म्हणजे दोनच अक्षरं. आठ दिवसात."

"मग सोमीआजीला पण आनते. तिचा पण दोनच अक्षरांचा हाय."

दुसऱ्या वर्षापर्यंत चौदा झाल्या. सोमीआजी सगळ्यांत म्हातारी, तोंडात दोन दात आणि जीभ विळ्यासारखी. ती पाटीवर एक अक्षर काढायची आणि पाटी लांब धरून त्याला शिव्या द्यायची. "हा बघ, सासऱ्यासारखा वाकडा बसलाय!" मग सगळ्या हसायच्या. बसल्या बसल्या लुगड्यातली कुसळं उपटायच्या. वर्ग संपला की पडवीत कुसळांचा थर पडलेला असायचा. झाडताना माझ्या पायात जायची, मी ओरडायची, आणि त्या जाता जाता म्हणायच्या, "मास्तरणीला आता आमची विद्या लागली!"

या वहीत हजेरी असे. पहिली पानं अंगठ्यांची. निळे, पसरलेले, काही नुसते डाग. मग मधेच एका पानावर एक अंगठा कमी होतो आणि तिथे "चैती" येतं. वाकडं, एवढं मोठं की तीन ओळी खाल्ल्यात. मग "बुधी". मग "सोमी". अंगठे एकेक करून विझत जातात. शेवटच्या पानांवर अंगठा उरलेलाच नाही. आणि काल चष्मा लावून मी नीट पाहिलं, तर एकाही नावाच्या डोक्यावर रेघ नाही. चौदा जणींची अक्षरं, आणि सगळी उघड्या डोक्याची. माझी.

मी त्यांना काय शिकवलं? नाव लिहायला शिकवलं, आणि त्याबरोबर अंगठ्याची लाज शिकवली. रोज सांगायची, "सरकारी कागद पुढे आला की अंगठा द्यायचा नाही. बोट शाईत बुडवायचं नाही. मान वर करून सही करायची." त्या ते घोकायच्या. वखारीवर मुकादमानं शाई पुढे केली तेव्हा चैतीनं त्याच्या हातातलं पेन मागून घेतलं होतं. ती गोष्ट पाड्यावर आठ दिवस चालली. सोमीआजी मुकादमाची नक्कल करून दाखवायची, तोंड असं उघडं टाकून. मी तेव्हा जी फुगले, त्याला तोड नाही मनू. एकोणीस-वीस वर्षांची मी, चौथी पास, आणि मला वाटायचं की या डोंगराला मी उजेड दाखवतेय.

राज्यं वेगळी होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक आली. पंचायत एक नवी विहीर खोदणार होती, आणि ती कुठल्या पाड्यात खोदायची ते निवडून येणारे ठरवणार होते. वरच्या पाड्याला, म्हणजे माझ्या चौदा जणींच्या पाड्याला, विहीर नव्हती. बाया खालच्या पाड्यापर्यंत उतरायच्या, आणि भरल्या हंड्यानिशी तो दगडांचा चढ चढून यायच्या. खालून वखारीचा मुकादम उभा राहिला. वरून कुणी उभं राहीना. पुरुषांना गवताचं काम जाईल याची भीती.

एक दिवस वर्गात चैती म्हणाली, "पानी काय चढ चढत नाय. मानूसच उतरतो. तर मीच उभी राहते."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. तिच्या अर्जावर तिनं सही केली तेव्हा मी शेजारी उभी होते. तिला चिन्ह मिळालं शिडी. सोमीआजी म्हणाली, "बरा हाय. चढाला शिडीच पायजे."

मतदानाच्या आदल्या दिवशी वर्ग भरला. यांची नेमणूक दुसऱ्या गावच्या मतदानावर होती, हे सकाळीच पायी निघून गेले होते. बाया नटल्यासारख्या आल्या होत्या. बुधीनं विचारलं, "बाय, कागद दिला का करायचा काय? मागल्या टायमाला चित्राच्या पेटीत नुसता टाकलेला. यंदा पंचायतीचा शिपाई बोलतो का शिक्का मारायचा."

मनू, मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मताला एकवीस वर्षं लागायची. मी मत दिलेलं नव्हतं, ती चिठ्ठी डोळ्यानंही पाहिली नव्हती. "गुप्त मतदान" हे शब्द मी वर्तमानपत्रात वाचले होते, आणि गुप्त म्हणजे पडद्याआड जायचं, एवढंच मला समजलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, "मला माहीत नाही, शिपायाला नीट विचारून या." तेवढं जिभेवर आलं नाही. चौदा जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि मी म्हटलं, अगदी ठसक्यात म्हटलं,

"शिक्का अडाण्यांसाठी असतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शिक्का मारायचा. तुम्ही शिडीच्या चित्रापुढे सही करा."

सोमीआजी खूश झाली. "ते बरा. मत माझा, तर नाव पण माझाच पायजे. शिक्का काय, कोनी पन मारील. मी काय चोरी करते, का नाव लपवू?"

पाड्यावर तसंच होतं गं. बैठकीत कुणाला काही म्हणायचं असलं की उभं राहून, सगळ्यांसमोर, आपल्या नावानं म्हणायचं. आड राहून बोलणं म्हणजे चुगली. त्यांच्या मनात शंका यायला जागाच नव्हती. माझ्या मनात यायला हवी होती.

मग मी पेन्सिली मोडल्या. सात पेन्सिलींचे चौदा तुकडे. टोकं काढली. खाली पडलेल्या लाकडाच्या पापुद्र्यांना मंद वास येत होता, तो वास अजून कुठल्या शाळेवरून गेले की येतो आणि मी पावलं उचलून पुढे निघते.

त्या दिवशीची रांग मी आमच्या खोलीच्या दारातून बघितली. मतदान शाळेतच होतं. पुरुषांची रांग सावलीत, बायांची उन्हात. माझ्या चौदा जणी एकामागे एक. आत जाताना चैतीनं माझ्याकडे बघून अंबाड्यावर हात ठेवला, पेन्सिल आहे अशी खूण. बाहेर येताना एकेकीचा चेहरा काय झाला होता! बुधी तर धावत माझ्याकडे आली. "बाय, सही झाली, एकदम सरल! आतला सायेब शिक्का देत होता, मी मारलाच नाय, हातात धरला आन् परत ठेवला." मी तिला गूळ दिला. हो, गूळ दिला मी तिला.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच. तालुक्याहून साहेब आलेले. पुढे टेबल, भोवती उमेदवारांची माणसं. मुकादमाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याच्या बाजूनं वखारीचा हिशेब लिहिणारा मेहताजी बसला होता. चैतीच्या बाजूनं चैतीच, खांबाला टेकून उभी. अंगणात दोन्ही पाडे. मी चहाचा ट्रे घेऊन दारातून आत येत होते तेव्हा साहेबांनी एक चिठ्ठी उघडली आणि ते थांबले.

"हे काय? बु-धी. मत दिलंय की अर्ज केलाय?"

अंगणात हशा झाला. पुढची उघडली. "सोमी." पुन्हा हशा. "अहो, नाव लिहिलं की मत बाद. हे बाद. हेही बाद." आणि नियमाप्रमाणे ते प्रत्येक चिठ्ठी टेबलाभोवतीच्यांना दाखवत होते. मेहताजी मान पुढे काढून वाचत होता. "वाह, आ तो सरस थयुं, छानच झालं साहेब! कोणी कोणाला दिलं ते पण लिहून दिलं!" त्याचे ओठ हलत होते. तो नावं पाठ करत होता. ते हलणारे ओठ मी पाहिले, आणि तरी काय चाललंय ते मला त्या क्षणी कळलं नाही. मला फक्त ती अक्षरं दिसत होती. उघड्या डोक्याची, ओळीनं, टेबलावर.

साहेबांनी चष्मा काढला. "एका हातची अक्षरं वाटतात. या बायांना कुणी शिकवलं हो?"

ट्रे धरून मी टेबलापाशी उभी होते. तोंड उघडायचं होतं. "मी." एक अक्षर. मी उघडलं नाही. चैतीनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं मान साहेबांकडे वळवली.

"कोनी नाय, सायेब. आमच्या आमीच शिकलो."

"तरीच!" साहेब म्हणाले. सगळे हसले. मी चहा वाटला. साहेबांना, मेहताजीला, मुकादमाला. साहेबांनी मला "थँक्यू ताई" म्हटलं, आणि मी पदर सारखा करून हसलेसुद्धा.

चैती पाच मतांनी पडली.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले की तुझ्या आजोबांच्या नोकरीपायी मी गप्प राहिले. मास्तराच्या बायकोनं निवडणुकीत लुडबुड केली म्हणून त्यांच्यावर काही आलं असतं. तेही खोटं नाही. पण त्या क्षणी नोकरी मनात नव्हती गं. मनात एवढंच होतं की साहेबांनी मला अडाणी म्हणू नये.

हे संध्याकाळी परत आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी पायांवरची धूळ धुतली. मग म्हणाले, "मला विचारायचं तरी होतंस. आता वर जा आणि सांग त्यांना की चूक तुझी. त्यांना वाटत असेल की त्यांचंच काही चुकलं." मी म्हटलं, उद्या जाते.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली आणि मी पडवीत पाट्या मांडल्या. सवयीनं. कुणी आलं नाही. पाट्या गोळा करायला वाकले तर चैती आली. एकटीच. नेहमीच्या जागी मांडी घालून बसली, वही पुढे ओढली, सही केली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हं बाय. आज काय शिकवतेस?"

मनू, याहून सोपं मला कुणी काही करून दिलं नसतं. तिनं दार उघडून धरलं होतं. मी म्हटलं, "आज डोकं दुखतंय चैती. वर्ग नाही." तिनं वही मिटली. मग लुगड्याचं एक कुसळ उपटलं, जमिनीवर ठेवलं आणि गेली. वर्ग पुन्हा भरला नाही.

पावसाळा आला, गेला. माळ पुन्हा पिवळे झाले. गवताच्या कामाची माणसं मुकादम निवडायचा, वखारीच्या दारात उभा राहून नावं घ्यायचा. त्या वर्षी त्यानं ती चौदा नावं घेतली नाहीत. मेहताजी त्याच्या कानात सांगायचा आणि तो पुढचं नाव घ्यायचा. एवढं साधं. त्या बायांनी भांडण केलं नाही, काही नाही. पहाटे विळे घेऊन तलासरीच्या अंगाला चालत जायच्या, जिथे त्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. अंधार पडताना आमच्या खोलीवरून परत जायच्या. मी आतून पावलं ओळखायची. सोमीआजीची सगळ्यांत मागे, फरफटत. दिवाळीनंतर ती पावलं येईनाशी झाली. आजारी पडली म्हणाले. मी बघायला गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

विहीर खालच्या पाड्याला झाली, वखारीच्या कुंपणाला लागून. तिचं पाणी गोड होतं. मी पण तेच प्यायले, बदली होईपर्यंत.

बदली झाली तशी वही पेटीत गेली. पुढची वर्षं तुला ठाऊकच आहेत. डहाणू, तुझी आई, घर, आणि आजोबांचं जाणं. मी प्रत्येक निवडणुकीत मत दिलं. पहिल्यांदा आत गेले, तो शिक्का हातात घेतला आणि इतका वेळ नुसता धरून राहिले की तिथली बाई म्हणाली, "घाबरू नका ताई, पहिल्यांदाच का?" तेव्हापासून दर वेळी बाहेर येऊन भिंतीला जरा टेकते. तू म्हणतेस, आजी हौसेनं मत द्यायला जाते. हौस नव्हे गं ती.

आणि गंमत बघ. आता रेशनच्या दुकानात, बँकेत, सगळीकडे पुन्हा अंगठा. परवा त्या मशीनवर माझा अंगठा उठेचना. रेषा झिजल्यात म्हणे. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, पुन्हा ठेवा, दाबून ठेवा." मी म्हटलं, "सही करते ना, चांगली सही येते मला." ती म्हणाली, "सही चालत नाही." मी मशीनवर अंगठा दाबत उभी राहिले, आणि मला त्या पडवीतली माझी स्वतःची ठसक्याची वाक्यं ऐकू येत होती.

आता मुख्य गोष्ट. मागच्या सोमवारच्या बाजारात एक बाई कंद घेऊन बसली होती. मी भाव करत होते, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी मास्तरणीबाय ना? आमच्या आजीनं सांगितलेली खूण हाय, बोलताना डोळे झाकतात म्हनून." तिची आजी म्हणजे बुधी. ती आता नाही. सोमीआजी तर तेव्हाच गेली होती, त्याच थंडीत. मी घाबरत घाबरत विचारलं, "चैती?"

"हाय ना. चैतीआजी हाय. दिसत नाय डोळ्यांनी, पन जीभ हाय. इलेक्शन आला का सगळ्या सुनांना बसवते आन् सांगते, शिक्का कसा मारायचा, घडी कशी घालायची. आता मशीन आली तरी तेच सांगते. बोलते, मी शिकवलेली एकीचा पन मत बाद झाला नाय."

मी कंद तिथेच विसरून आले.

बघ ना, तिनं वर्ग बंद केलाच नव्हता. मी उठले त्या जागेवर ती बसली, आणि मी जे शिकवायला हवं होतं ते तिनं शिकवलं. आणि त्या चौदा जणी सोडल्या तर अजूनही त्या पाड्यात कुणाला ठाऊक नसावं की त्या चौदा चिठ्ठ्या कुणामुळे बाद झाल्या. तिला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तिनं साठ वर्षं ते स्वतःवर घेतलंय. "आमच्या आमीच शिकलो."

वहीचं शेवटचं पान माझ्यासमोर उघडं आहे. वर तारीख माझ्या हातची. खाली चौदा ओळी आखलेल्या. पहिल्या ओळीत "चैती", आता सरळ, लहान, एका ओळीत मावणारी. खालच्या तेरा रिकाम्या.

मला ही वही घेऊन वर जायचंय. तिच्या सुना-नातवंडांसमोर, सगळ्यांसमोर, पाड्याच्या रीतीनं उभं राहून, माझ्या नावानं सांगायचंय. तिला दिसत नाही, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवीन. मग तिच्या नावाखाली सही करीन, शाईची. पण तो चढ मला एकटीला चढवत नाही मनू, आणि खरं सांगू, दारापर्यंत जाऊन मी पुन्हा "डोकं दुखतंय" म्हणेन अशी मला भीती वाटते. कुणीतरी माझा हात धरून उभं राहायला हवं. सुट्टी बघत बसू नकोस. चैती नव्वदीला टेकलीय आणि मीही काही मागे नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं ये. स्टेशनावर मी उभी असेन, वही हातात घेऊन.